तीन दिवस काम, तीन दिवस भत्ता : इंग्लंडांतील गोदी-कामगारांच्या बेकारी-विम्याचीं साधनें

ऐतिहासिक साधनें म्हटलीं म्हणजे सनदा, महजर, निवाडे, ताळेबंद व खासगी पत्रव्यवहार यांकडे आपलें लक्ष प्रथम जातें, व तें योग्यच आहे. परंतु विसाव्या शतकांत ज्या कागदांनीं लक्षावधि घरांतली चूल पेटती ठेवली किंवा विझविली, ते कागद याहून फार निराळे आहेत. तिकिटें चिकटविलेलीं विम्याचीं पुस्तकें, हजेरीच्या वह्या, नंबर कोरलेले धातूचे बिल्ले, अपिलांचे छापील निवाडे, हीं तीं साधनें होत. त्यांना मोहोर-शिक्क्याचें वैभव नाहीं. जुन्या बाजारांत तीं रद्दीच्या भावानें जातात. तरीहि राज्य व मजूर यांमधील व्यवहाराचा इतिहास ज्यास लिहावयाचा आहे, त्यास यांवांचून दुसरा आधार नाहीं.

प्रस्तुत लेखांत इंग्लंडांतील बंदरांवरील मजुरांच्या अशा कागदांचा विचार केला आहे. प्रश्न एकच. जो मनुष्य आठवड्यांतून तीन दिवस काम करतो व उरलेले तीन दिवस कामाची वाट पाहतो, त्यास बेकार म्हणावें कीं कामावरचा म्हणावें? आणि त्या मोकळ्या तीन दिवसांचा भत्ता त्यानें घेतला, तर तो हक्क कीं लबाडी? त्या काळच्या पुष्कळ टीकाकारांनीं लबाडी असा निकाल दिला. साधनें क्रमवार लावून वाचलीं असतां तो निकाल टिकत नाहीं, हें दाखविण्याचा या लेखाचा हेतु आहे.

(१) गोदीवरची रोजंदारी

बंदरावरचें काम भरती-ओहोटीवर, वाऱ्यावर व व्यापाराच्या हंगामावर अवलंबून असतें. एके दिवशीं दहा जहाजें धक्क्यास लागतात, दुसऱ्या दिवशीं दोन. म्हणून मालकांस कायम माणसें नकोत. दाराशीं पुष्कळ माणसें उभीं असावींत व त्यांतून हवीं तितकीं उचलतां यावींत, एवढेंच त्यांस हवें असे. सकाळीं गोदीच्या फाटकाशीं मजूर गोळा होत, मुकादम त्यांतून माणसें निवडी, व उरलेले घरीं परतत. लंडनच्या गोदीवरील ह्या निवडीचें वर्णन हेन्री मेह्यू यानें १८४९ सालीं ‘मॉर्निंग क्रॉनिकल’ पत्रांत केलें आहे. पुढें १८८९ च्या प्रसिद्ध संपांत मजुरांनीं तासास सहा पेन्स मजुरी मिळविलीच, परंतु त्याबरोबर एकदां कामावर घेतलेल्या माणसास निदान चार तासांची मजुरी मिळाली पाहिजे, ही अटहि मिळविली. ही दुसरी अट आपल्या विषयाच्या दृष्टीनें अधिक महत्त्वाची आहे. मजुराचा वेळ तुकड्यातुकड्यांनीं विकत घेण्यास तिनें पहिला बांध घातला.

लिव्हरपूलची स्थिति याहून निराळी नव्हती. तेथील गोदी-मजुरांच्या स्थितीची चौकशी करून एलिनॉर रॅथबोन या विदुषीनें १९०४ सालीं अहवाल प्रसिद्ध केला. त्यावरून हें स्पष्ट होतें कीं, आठवड्यांतील कांहीं दिवस काम व कांहीं दिवस रिकामपण, हा तेथील मजुराचा आळस नव्हता. ती त्या धंद्याची रीतच होती.

(२) बेव्हरिज व १९११ चा कायदा

ह्या रीतीची शास्त्रीय मीमांसा विल्यम बेव्हरिज यांनीं आपल्या १९०९ सालच्या बेकारीवरील ग्रंथांत केली. आपल्या वाचकांस हें नांव परकें वाटूं नये. बेव्हरिज यांचा जन्म १८७९ सालीं बंगालांतील रंगपूर येथें झाला. वडील हेन्री बेव्हरिज हे अकबरनाम्याचे भाषांतरकार. मातुःश्री अ‍ॅनेट बेव्हरिज यांनीं गुलबदन बेगमेचा हुमायूननामा व बाबरनामा इंग्रजींत आणला. फारसी-तुर्की हस्तलिखितांच्या घरांत वाढलेल्या ह्या पुत्रानें आपली चिकित्सक बुद्धि गोदीच्या हजेरीपटांकडे वळविली, असें म्हणण्यास हरकत नाहीं. त्यांचें म्हणणें थोडक्यांत असें : बेकारी हा माणसाचा दोष नसून धंद्याच्या रचनेचा प्रश्न आहे. प्रत्येक धक्का आपापला राखीव मजूरवर्ग वेगळा बाळगतो, त्यामुळें एकंदर राखीव संख्या गरजेहून फार वाढते, व प्रत्येकाच्या वांट्यास अर्धेंमुर्धें काम येतें.

१९०९ च्या कायद्यानें लेबर एक्स्चेंज नांवाच्या सरकारी कचेऱ्या निर्माण झाल्या व १ फेब्रुवारी १९१० रोजीं पहिल्या कचेऱ्या उघडल्या. पाठोपाठ १६ डिसेंबर १९११ रोजीं राष्ट्रीय विम्याचा कायदा मंजूर झाला. त्याचा पहिला भाग आजारीपणाचा, दुसरा बेकारीचा. दुसऱ्या भागांत बांधकाम, जहाजबांधणी, यंत्रकाम, ओतकाम इत्यादि सातच धंदे घेतले होते व त्यांत सुमारें साडेबावीस लक्ष कामगार येत. कामगाराची वर्गणी आठवड्यास अडीच पेन्स, मालकाची तितकीच, व दोहोंच्या बेरजेचा तिसरा हिस्सा सरकारचा. बेकार झाल्यावर पहिला आठवडा कोरडा. पुढें आठवड्यास ७ शिलिंग. हा भत्ता वर्षांतून फार तर १५ आठवडे, व तोहि पांच वर्गण्यांस एक आठवडा या प्रमाणांत. वर्गण्या जुलै १९१२ पासून व भत्ता जानेवारी १९१३ पासून सुरू झाला.

येथें संग्राहकांनीं एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. गोदीचें काम ह्या सात धंद्यांत नव्हतें. म्हणून १९१२ ते १९२० या काळांतलें एखाद्या गोदी-मजुराचें विम्याचें कार्ड हातीं आलें, तर तें बहुधा आजारीपणाच्या विम्याचें असतें. केवळ तिकिटें व सन पाहून त्यास बेकारीचें साधन समजल्यास पुढील सारें अनुमान चुकतें.

(३) लिव्हरपूलचा बिल्ला

तथापि आजारीपणाच्या विम्यानेंहि एक अडचण उभी केली. वर्गणीचें तिकीट आठवड्यास एक, आणि मजूर तर एकाच आठवड्यांत तीन-चार मालकांकडे राबणारा. पहिल्या मालकानें तिकीट लावावयाचें, म्हणजे दुसरा व तिसरा सुटला. साहजिकच ज्याचें कार्ड आधींच भरलें आहे असा मजूर मालकास प्रिय, व ज्याचें कोरें तो अप्रिय. ही अडचण सोडविण्यासाठीं लिव्हरपूलच्या जहाजमालकांनीं, जेम्स सेक्स्टन यांच्या गोदी-मजूर संघानें व सरकारी खात्यानें मिळून १९१२ च्या जुलैंत एक योजना सुरू केली. प्रत्येक मजुरास नंबराचा धातूचा बिल्ला दिला. बिल्ल्यावांचून कोणास काम नाहीं. बंदराचे विभाग पाडून प्रत्येक विभागास एक हिशेबघर नेमलें. निरनिराळ्या मालकांकडील मजुरी तेथें एकत्र होई, विम्याची वर्गणी एकदांच कापली जाई, व शनिवारीं मजुराच्या हातीं एकच रक्कम पडे.

योजनेचे व्यवस्थापक रिचर्ड विल्यम्स यांनीं पहिल्या वर्षाच्या कारभाराचा वृत्तांत लिहून ठेवला आहे. आपल्या विषयाचा तो मूलग्रंथच होय. त्याचें महत्त्व असें कीं, मजुराचा आठवडा त्यांत प्रथमच एका पानावर दिसूं लागला. तत्पूर्वीं एका मालकाच्या वहींत त्याचा सोमवार, दुसऱ्याच्या वहींत गुरुवार, व मधले दिवस कोणाच्याच वहींत नाहींत, अशी स्थिति होती. मात्र योजनेचा मूळ हेतु पूर्ण सिद्धीस गेला नाहीं. बिल्ले गरजेहून अधिक वांटले गेले. मजूर आपला नेहमींचा धक्का सोडून दुसरीकडे जाण्यास राजी नसत. बर्कनहेड येथें तर योजनेविरुद्ध संपच झाला. कागद सुधारले, रोजंदारी तशीच राहिली.

(४) सहांत तीन दिवस

१९२० च्या कायद्यानें बेकारी-विमा शेती व घरकाम सोडून बहुतेक सर्व धंद्यांस लागू केला. विमाधारकांची संख्या एक कोटीच्या वर गेली व गोदी-मजूर प्रथमच बेकारी-विम्याच्या आंत आले. आतां मूळ प्रश्न टाळतां येईना. कायद्यास ‘बेकार’ हा शब्द हवा होता तो नोकरी सुटलेल्या माणसासाठीं. गोदी-मजुराची नोकरी तर रोज सकाळीं लागे व रोज संध्याकाळीं सुटे.

यावर काढलेला तोडगा ‘अखंडतेचा नियम’ म्हणून ओळखला जातो. १९२० नंतरच्या दशकाच्या उत्तरार्धांत त्याचें रूप असें होतें : लागोपाठच्या सहा कामकाजी दिवसांत कोणतेहि तीन दिवस काम नसेल, तर ते तीन दिवस अखंड बेकारींत धरावे, मग ते लगतचे असोत वा मधून मधून आलेले असोत. म्हणजे सोमवार, बुधवार व शुक्रवार काम आणि मंगळवार, गुरुवार व शनिवार रिकामे, अशा माणसास तीन दिवसांचा, म्हणजे आठवड्याच्या निम्मा, भत्ता मिळे. परंतु त्यास चौथ्या दिवशीं काम लागलें, तर रिकामे दिवस दोनच उरत व त्या दोहोंचा भत्ता मुळींच मिळत नसे.

ह्या नियमाचा परिणाम आंकड्यांनींच दाखवितां येतो. १९२४ च्या संपानंतर मोठ्या बंदरांवर रोजची मजुरी १२ शिलिंग ठरली होती. त्याच वर्षींच्या कायद्यानें भत्ता पुरुषास आठवड्यास १८ शिलिंग, बायकोसाठीं ५ व प्रत्येक मुलासाठीं २ असा झाला. बायको व दोन मुलें असलेल्या मजुराचा पूर्ण भत्ता २७ शिलिंग. तीन दिवसांचा साडेतेरा. तीन दिवस काम केलें तर मजुरी ३६ शिलिंग, अधिक भत्ता १३ शिलिंग ६ पेन्स, एकूण ४९ शिलिंग ६ पेन्स. चार दिवस काम केलें तर मजुरी ४८ शिलिंग व भत्ता शून्य. चौथ्या दिवसाच्या कष्टाचें फळ दीड शिलिंगाची तूट! ‘तीन दिवस हुकावर, तीन दिवस वहीवर’ अशा अर्थाची जी म्हण इंग्लंडच्या बंदरांवर रूढ झाली, तिचें मूळ ह्या हिशेबांत आहे. हुक म्हणजे मजुराचें ओझें ओढण्याचें हत्यार व वही म्हणजे विम्याची वही.

(५) लबाडीचा आरोप

या म्हणीवरूनच गोदी-मजूर सरकारास लुबाडतो असा बोभाटा झाला. आरोपांत तथ्य मुळींच नव्हतें असें म्हणतां येणार नाहीं. ज्याचे तीन दिवस भरले आहेत त्यानें चौथ्या सकाळीं मागच्या रांगेंत उभें राहावें, हें मनुष्यस्वभावास धरूनच आहे. परंतु तीन गोष्टी विसरूं नयेत.

पहिली, निवड मजुराच्या हातीं नव्हती. कोणास किती दिवस मिळावे हें मुकादम ठरवी. पुष्कळांस तीन दिवसहि मिळत नसत. दुसरी, ह्या व्यवस्थेचा मोठा लाभ मालकांस होता. दाराशीं राखीव माणसें उभीं राहावींत व त्यांच्या पोटाचा कांहीं भार इतर धंद्यांच्या वर्गणींतून चालावा, याहून सोयीचें काय? बेकारी-विम्याच्या निधींत गोदीच्या धंद्यानें जितकें घातलें त्याहून अधिक काढलें, हें खरें. पण तें कोणाच्या फायद्यासाठीं, हा प्रश्न आरोप करणारे विचारीत नसत. तिसरी, १९२० सालींच लॉर्ड शॉ यांच्या चौकशी-न्यायालयानें मजुरांची नोंदणी करावी व काम नसलेल्या दिवसांच्या निर्वाहाची तरतूद धंद्यानेंच करावी, असा अभिप्राय दिला होता. मजुरांची बाजू मांडणारे अर्नेस्ट बेव्हिन यांची हीच मागणी होती. रोजची १६ शिलिंग मजुरी त्या निकालानें मिळाली. निर्वाहाची तरतूद मात्र कागदावर राहिली. म्हणून मजूर विम्याच्या खिडकीशीं उभा राहिला. त्यास तेथें उभें करणारे दुसरेच होते.

ह्या वादाचें सर्वांत समृद्ध साधन म्हणजे अंपायरचे निवाडे. भत्त्याचा अर्ज प्रथम विमा-अधिकाऱ्यापुढें, नंतर मालक व कामगार यांचा प्रत्येकीं एक प्रतिनिधि व तटस्थ अध्यक्ष असलेल्या पंचांपुढें, व शेवटीं अंपायरपुढें जाई. अंपायरचे निवडक निवाडे छापून बांधले गेले आहेत. मराठेशाहींतील निवाडपत्रें ज्यांनीं वाचलीं आहेत त्यांस त्यांची धाटणी ओळखीची वाटेल : वादीचें म्हणणें, प्रतिवादीचें म्हणणें, पूर्वींचा दाखला व निर्णय. नेहमींच्या कामाच्या वेळेबाहेर जें किरकोळ काम पूर्वींपासून करतां येत होतें व ज्याची कमाई ठराविक मर्यादेंत होती, त्यामुळें भत्ता बुडत नसे. मात्र तें काम दिवसाची वेळ खाणारें असेल तर तो मनुष्य त्या दिवशीं बेकार नव्हे, असें धरलें जाई. दोहोंमधील रेषा कोठें ओढावी, यावर अंपायरला पुष्कळ निवाडे द्यावे लागले. हे निवाडे वाचतांना एक सावधगिरी हवी. तंट्यास गेलेलीं प्रकरणें तेवढीं त्यांत आहेत. बिनतक्रार मिळालेल्या वा मुकाट्यानें नाकारलेल्या भत्त्याचा तेथें मागमूस नाहीं.

१९३० सालीं नेमलेल्या बेकारी-विमा आयोगाचा पहिला अहवाल १९३१ च्या जूनमध्यें आला व लगेच मजूरमंत्री मार्गारेट बाँडफील्ड यांनीं ‘विसंगति’ दूर करण्याचा कायदा संमत करून घेतला. विवाहित स्त्रिया, हंगामी कामगार व आठवड्यांतून दोन दिवसांहून अधिक काम सामान्यतः न करणारे लोक यांवर त्यानें जादा अटी घातल्या. मुख्य मार बसला तो विवाहित स्त्रियांवर. खंडित काम करणाऱ्यांतली सर्वांत दुबळी माणसें प्रथम वगळलीं जातात, हा धडा तेथें मिळतो. त्याच वर्षींच्या ऑगस्टांत भत्त्यांत दहा टक्के कपात करण्याच्या प्रश्नावर मजूर मंत्रिमंडळ कोसळलें.

(६) वाट पाहण्याची मजुरी

प्रश्न सुटला तो विम्याच्या मार्गानें नव्हे. दुसऱ्या महायुद्धांत बंदरें अडून चालणार नव्हतें. बेव्हिन आतां मजूरमंत्री होते. १९४० सालीं गोदी-मजुरांची सक्तीची नोंदणी झाली, १९४१ पासून हमीच्या वेतनाच्या योजना आल्या, १९४६ चा कायदा झाला व १९४७ सालीं राष्ट्रीय गोदी-कामगार योजना अमलांत आली. नोंदलेल्या मजुरानें आठवड्याच्या अकरा अर्धपाळ्यांस हजर राहावें. काम मिळालें तर मजुरी, न मिळालें तर हजेरीचे पैसे. आणि आठवड्याअखेर किमान रकमेची हमी. उलट, दिलेलें काम नाकारण्याची मोकळीक गेली व शिस्तीचे नियम आले.

हा बदल साधा नव्हे. विम्याच्या वहींत रिकामा दिवस ‘बेकारी’ म्हणून लिहिला जाई. नव्या वहींत तोच दिवस ‘हजेरी’ म्हणून लिहिला गेला. दिवस तोच, माणूस तोच, फाटक तेंच. नांव बदललें व त्याबरोबर लबाडीचा आरोपहि निराधार झाला. रोजंदारी पूर्ण बंद होण्यास १९६७ साल उजाडावें लागलें, आणि १९८९ सालीं ती योजनाच रद्द झाली.

(७) मुंबईचे कागद

ह्या इतिहासाचा धागा मुंबई बंदरापर्यंत येतो. व्हिटले आयोगानें १९३१ च्या अहवालांत हिंदुस्थानांत सार्वत्रिक बेकारी-विमा तूर्त शक्य नाहीं असें मत दिलें, पण बंदरांवरील मजुरांची नोंदणी करून रोजंदारी कमी करण्याची शिफारस केली. इंग्लंडच्या १९४६ च्या कायद्याचेंच नांव घेऊन येथें १९४८ चा गोदी-कामगार कायदा झाला व १९५१ सालीं मुंबईची योजना आली. राखीव ताफा, हजेरीभत्ता व किमान दिवसांच्या वेतनाची हमी, हीं तिचीं अंगें लिव्हरपूलच्या बिल्ल्याचीं वंशज आहेत. १९९७ च्या कायद्यानंतर मोठ्या बंदरांवरील ही व्यवस्था संपली.

गिरण्यांची कथा याहून हृदयस्पर्शी आहे. गैरहजर कामगाराच्या जागीं दिवसापुरता घेतला जाणारा तो बदली. १९३५ पासून मुंबईच्या गिरण्यांत बदली-नियंत्रण सुरू झालें. दर महिन्याच्या आरंभीं ठराविक माणसांस बदली-कार्ड द्यावें, त्यांनीं रोज सकाळीं हजर राहावें, व रिकाम्या जागा त्यांतूनच भराव्या, अशी ती पद्धत. अरबी ‘बदल’ शब्दापासून निघालेला हा गिरणगांवचा शब्द पुढें खुद्द केंद्रीय कायद्यांत शिरला. १९५३ च्या दुरुस्तीनें काम बंद ठेवल्यास कामगारास निम्मी भरपाई देण्याचें ठरलें, पण ‘बदली’स तींतून वगळलें, एक वर्षाची अखंड नोकरी भरली कीं तो बदली राहत नसे. आणि भरपाई मिळण्यास अट कोणती? दररोज निदान एकदां कामाच्या वेळीं हजर राहण्याची! एक वर्ष भरलें किंवा नाहीं, आणि रोज हजर होता किंवा नाहीं, ह्या दोन्ही गोष्टी सिद्ध करावयाच्या तर पुरावा कोणता? एक हजेरीपट, जो मालकाच्या कपाटांत. व एक कार्ड, जें कामगाराच्या खिशांत.

(८) उपसंहार

वरील विवेचनावरून इतकें निश्चित होतें कीं, थोडें काम व थोडा भत्ता यांची सांगड ही मजुरांच्या लबाडीनें जन्मलेली नाहीं. तुकड्यांनीं वेळ विकत घेणाऱ्या धंद्याची व अखंड नोकरी गृहीत धरणाऱ्या कायद्याची गांठ पडली, तेथें ती जन्मली. सहांत तीन दिवसांचा नियम कोणी मजुरानें लिहिला नव्हता. त्यानें फक्त तो वाचला व त्याप्रमाणें आपला आठवडा लावला.

हा विषय कालबाह्य झालेला नाहीं. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेनें ‘गिग कामगार’ ही संज्ञा केंद्रीय कायद्यांत आणली. गोदीचें फाटक आतां हातांतल्या फोनमध्यें आलें आहे. पण वाट पाहण्याचा वेळ कोणाच्या खात्यावर लिहावा, हा प्रश्न तोच आहे. फरक एवढाच कीं, लिव्हरपूलच्या मजुराजवळ बिल्ला होता व परळच्या बदलीजवळ कार्ड होतें. आजच्या मजुराची हजेरी दुसऱ्याच्या यंत्रांत राहते व त्याच्या हातीं कागद उरत नाहीं.

म्हणून जें उरलें आहे तें तरी राखलें पाहिजे. मुंबईच्या चाळींतून, बंद पडलेल्या गिरण्यांच्या कचेऱ्यांतून व संघांच्या कपाटांतून बदली-कार्डें, गोदीचे बिल्ले, हजेरीवह्या व वेतनचिठ्ठ्या अद्याप मिळण्याजोग्या आहेत. संग्राहकांनीं त्या मिळवितांना तीन गोष्टी टिपून ठेवाव्या : कागद कोणत्या खात्याचा, कोणत्या सालाच्या नियमाखालचा, आणि कोणाच्या ताब्यांतून आला. एकटें कार्ड थोडें बोलतें. हजेरीपटाशेजारीं ठेवलें म्हणजे एका माणसाचें एक वर्ष बोलतें. पेशवाईंतील शिलेदाराच्या हजिरीस जें मोल आपण देतों, तेंच बदलीच्या हजेरीस द्यावें. तिच्यावरहि एका कुटुंबाचें अन्न अवलंबून होतें.